आमच्या वाट्याला फक्त सूफीच का?

मुसलमान माणसाला कुठलं संगीत आवडावं, हे लोकांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. त्यात कव्वाली आली, गझल आली, फार तर रफीसाहेबांची जुनी गाणी आली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात ‘सूफी’ नावाच्या एका खात्याची भर पडली. गाण्यांवर बोलणं निघालं आणि समोरच्याला माझं नाव कळलं, की त्याचं पुढचं वाक्य मला पाठ असतं : ‘मग तुम्हाला सूफी आवडत असेल!’ आवडतं, का नाही आवडणार? पण मला निर्वानाचा ‘इन युटेरो’ आवडतो, रेडिओहेडचा ‘किड ए’ आवडतो, असं म्हटलं की तोच माणूस जरा गडबडतो. मोहल्ल्यातही तेच. तिथे ‘ये क्या शोर लगाके बैठा रे?’ असं विचारलं जातं, आणि चौकातले दोस्त वऱ्हाडीत विचारतात, ‘काय आयकून रायला बे हे?’ वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, इंझोरीसारख्या गावात बसून अमेरिकेतल्या अन् इंग्लंडातल्या गिटारी ऐकणारा माणूस दोन्ही बाजूंना सारखाच परका वाटतो.

या परकेपणाबद्दल मला बोलायचं आहे. ते मी काही अल्बमांच्या आधाराने बोलणार आहे, कारण संगीतावर हवेत बोलण्यात अर्थ नसतो. कुठला अल्बम मला टिकाऊ वाटतो, कुठला वाटत नाही आणि का, हे सांगितलं की बाकीचं आपोआप समोर येईल.

आधी शब्दाचा उलगडा करू. ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणजे पर्यायी रॉक. पर्याय कशाला? ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचं रॉक संगीत गुळगुळीत झालं होतं. मोठाली स्टेडियम, फुगवलेले केस, ठरावीक प्रेमगीतं. त्याला नकार देणारी पोरं गॅरेजमध्ये, तळघरात वाजवत होती. त्यांच्या रेकॉर्ड छोट्या कंपन्या काढायच्या आणि कॉलेजांची रेडिओ केंद्रं त्या लावायची. २४ सप्टेंबर १९९१ला निर्वानाचा ‘नेव्हरमाइंड’ आला. जानेवारी १९९२मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला नंबर गाठला. त्यानंतर नकाराचं जे नाव होतं, तेच दुकानातल्या एका फळीचं नाव झालं. ज्याला त्याला ‘अल्टरनेटिव्ह’ व्हायचं होतं, कारण आता ते खपत होतं.

‘सूफी’ या शब्दाचंही नेमकं हेच झालेलं आहे. समा, म्हणजे अल्लाच्या यादीत बेभान होऊन गाणं ऐकणं, ही त्या काळी सर्वांच्या सोयीची गोष्ट अजिबात नव्हती. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांना समावरून सुलतान गयासुद्दीन तुघलकासमोर, उलेमांच्या सभेत जाब द्यावा लागला होता. त्यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दख्खनेत आले, आपल्या खुलताबादेत त्यांची दर्गा आहे. तेही समाचे मोठे चाहते होते. पंजाबातल्या बुल्लेशाहबद्दल असं सांगतात, की मेल्यावर त्यांना गावच्या कब्रस्तानात जागा द्यायला मौलवींनी नकार दिला. अशा लोकांचं नाव घेऊन आज काय विकलं जातं? सिनेमाच्या गाण्यात ध्रुवपदाला ‘मौला’ टाकला, मागे थोडा धूर सोडला, गोल फिरणारा एक नाचणारा उभा केला, की झालं सूफी. कुणाला त्रास नाही, कुणाला प्रश्न नाही. गोड मुसलमान, गोड संगीत.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. फळीवर काय नाव लिहिलंय ते मी पाहत नाही. त्या अल्बममध्ये मूळचा नकार अजून शिल्लक आहे का, तेवढं ऐकतो.

या कसोटीवर निर्वानाचा ‘इन युटेरो’ मला ‘नेव्हरमाइंड’पेक्षा वरचढ वाटतो. बहुतेकांचं मत उलटं आहे, ते मला ठाऊक आहे. ‘नेव्हरमाइंड’ची गाणी पटकन जिभेवर बसतात, पण त्याच्या आवाजाला पॉलिश आहे, प्रत्येक गोष्ट जिथे हवी तिथे नीट ठेवलेली. ‘इन युटेरो’ १९९३च्या फेब्रुवारीत मिनेसोटातल्या एका आडबाजूच्या स्टुडिओत जेमतेम दोन आठवड्यांत रेकॉर्ड झाला. रेकॉर्ड करणारा स्टीव्ह अल्बिनी. त्याने रॉयल्टी घ्यायला नकार दिला. प्लंबरला जशी कामाची मजुरी मिळते तशी ठरलेली रक्कम मला द्या, पुढे खपणाऱ्या प्रत्येक कॅसेटमागे माझा हिस्सा नको, अशी त्याची भूमिका होती. कामाची मजुरी आणि नफ्याचा वाटा यांतला हा फरक शेतमजुराच्या गावाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अल्बममध्येही ती वृत्ती ऐकू येते. ड्रम एखाद्या रिकाम्या खोलीत वाजल्यासारखे घुमतात. आवाज फाटतो तिथे तो फाटू दिलेला आहे. कंपनी नाराज झाली आणि काही गाण्यांवर नंतर दुसऱ्याकडून हात फिरवून घेण्यात आला, तरी मूळचा खडबडीतपणा गेला नाही.

कर्ट कोबेनचं गाव अ‍ॅबरडीन. सिएटलपासून मोटारीने दोनेक तासांवर, जंगलतोडीवर आणि लाकडाच्या गिरण्यांवर जगणारं. कोबेन वाढत होता तेव्हा तो धंदा बसत चालला होता. पुस्तकांत आणि मासिकांत ‘सिएटलचं संगीत’ असं म्हणतात, पण त्यातला राग मोठ्या शहराचा नाही, तो धंदा गेलेल्या गावातला आहे. मुंबई-नागपूरची पोरं हा अल्बम फॅशन म्हणून ऐकत असतील तर ऐकोत. आमच्याकडे कापूस अन् सोयाबीनचे भाव पडल्यावर बारावी झालेला पोरगा पानटपरीजवळ उभा राहतो, तेव्हा त्याच्या गप्प राहण्यात जो आवाज असतो, तो मला या अल्बममध्ये सापडतो. म्हणून ‘हे तुझं कसं?’ या प्रश्नाचं मला नवल वाटतं. हे आमचंच आहे, फक्त गायलंय दुसऱ्यांनी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एप्रिल १९९४मध्ये कोबेन गेला आणि त्याच्या मरणाचं एक पोस्टर झालं. टी-शर्ट निघाले, तरुणपणी मरण्याला काव्याचा रंग फासला गेला. मला त्याची चीड आहे. २००६मध्ये पंतप्रधानांचं शेतकऱ्यांसाठीचं पॅकेज आलं, तेव्हा त्यात पश्चिम विदर्भाचे जे सहा जिल्हे होते, त्यांत आमचा वाशिम होता. ज्या घरातून असा माणूस गेला, त्या घरात मागे राहिलेल्या बाईला बँकेत, तलाठ्याकडे, सासरच्या लोकांत काय काय सोसावं लागतं, हे इथे सगळ्यांनी पाहिलंय. आत्महत्येत आमच्याकडे कुणाला कविता दिसत नाही, आणि ती दिसूही नये. कोबेनचं मोठेपण त्याच्या गाण्यांत आहे. तो जगला असता तर आणखी चांगली गाणी मिळाली असती, एवढाच त्याच्या मरणाचा अर्थ.

त्यामुळेच ‘एमटीव्ही अनप्लग्ड इन न्यूयॉर्क’ हा त्यांचा अल्बम लोक ज्या पद्धतीने ऐकतात, ती मला पटत नाही. मेणबत्त्या, लिलीची फुलं, त्यामुळे सगळे तो अंत्ययात्रेसारखा ऐकतात. पण कार्यक्रम झाला नोव्हेंबर १९९३मध्ये, माणूस जिवंत असताना. अल्बम वर्षभराने निघाला. त्यातल्या १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची आहेत. आपली लोकप्रिय गाणी बाजूला ठेवून हा माणूस मीट पपेट्स नावाच्या फारशा माहीत नसलेल्या बँडची तीन गाणी गातो, डेव्हिड बोवीचं गातो, आणि शेवट लेडबेली या काळ्या लोकगायकाकडून उचललेल्या जुन्या गाण्याने करतो. आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव भर मैफलीत घेणं, याला आपल्याकडे अदब म्हणतात. मला त्या अल्बममध्ये मृत्यूपेक्षा ती अदब जास्त ऐकू येते.

अदबीवरून जेफ बकली आठवतो. त्याने जिवंतपणी स्टुडिओचा एकच अल्बम पुरा केला, १९९४चा ‘ग्रेस’. हा अमेरिकेतला गोरा पोरगा नुसरत फतेह अली खान यांचा अक्षरशः मुरीद होता. न्यूयॉर्कमधल्या ‘शिने’ नावाच्या छोट्याशा कॅफेत तो एकट्याने गिटार घेऊन गायचा. तिथे त्याने नुसरतसाहेबांची उर्दू कव्वाली गायलेली आहे. ते रेकॉर्डिंग २००३मध्ये निघालेल्या मोठ्या आवृत्तीत मिळतं. १९९६मध्ये त्याने एका मासिकासाठी नुसरतसाहेबांची मुलाखत घेतली. १९९७मध्ये दोघंही गेले. बकली २९ मे रोजी नदीत बुडून, खानसाहेब १६ ऑगस्टला.

‘ग्रेस’बद्दल माझं मत असं आहे : नुसरतसाहेबांकडून शिकावं कसं, याचा तो नमुना आहे. त्यात कुठेही टाळ्या नाहीत, ‘अल्ला हू’ नाही. ताना उचलून चिकटवलेल्या नाहीत. त्याने घेतला तो धीर. गाणं खालच्या आवाजात सुरू करायचं, श्रोत्याला वाट पाहायला लावायची, आणि आवाज वर न्यायचा तो जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही तेव्हाच. कव्वालीचा आत्मा त्याने घेतला, कपडे तिथेच ठेवले. आपले सूफी-बाजारवाले याच्या बरोबर उलटं करतात. कपडे घेतात.

त्या मानाने पर्ल जॅमच्या एडी व्हेडरने नुसरतसाहेबांबरोबर ‘डेड मॅन वॉकिंग’ या १९९५च्या सिनेमासाठी जी दोन गाणी केली, ती मला कमी भिडतात. दोघंही मोठे, पण गाण्यात एकमेकांना जागा देत उभे राहिल्यासारखे. पाहुण्यांच्या जेवणासारखं वाटतं. मान राखलेला आहे, पण ताटात हात कुणी घालत नाही.

आता घराजवळ येऊ. ‘सूफी रॉक’ हे लेबल ज्यांच्यामुळे रूढ झालं, तो पाकिस्तानचा जुनून. १९९७चा त्यांचा ‘आझादी’ आपल्याकडेही घरोघरी पोचला, त्यातल्या ‘सय्योनी’मुळे. ‘आझादी’ चांगला अल्बम आहे. इक्बालांच्या विचारावरचं ‘खुदी’ आजही ताजं वाटतं. पण माझ्या मते खरा अल्बम त्याच्या पुढचा, १९९९चा ‘परवाज’. बराचसा बुल्लेशाहच्या काव्यावर उभा, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत केलेला. ‘सय्योनी’ आपल्याकडे इतकी गाजली की ‘परवाज’ बहुतेकांनी ऐकलाच नाही. त्यात ओरडणं कमी आहे, गिटार अन् तबला एकमेकांना विचारून वाजतात, आणि बुल्लेशाह सजावटीला आणलेले नाहीत. हेही विसरू नये, की १९९८मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या, दोन्हीकडे पेढे वाटले गेले, तेव्हा या पोरांनी त्याविरुद्ध तोंड उघडलं आणि आपल्याच देशाच्या सरकारी टीव्हीवरची बंदी ओढवून घेतली. नकार शिल्लक असणं म्हणजे काय, तर हे.

त्यानंतर २००८पासून पाकिस्तानात कोक स्टुडिओ आला. रोहेल हयातने तिथे वाजवणाऱ्यांकडून जे काम करून घेतलं ते अव्वल दर्जाचं आहे, त्यात वाद नाही. पण ते ऐकताना मला नेहमी एक आरामखुर्ची दिसते. सगळं इतकं सुबक, की बुल्लेशाहलाही तिथे कब्रस्तानात जागा मिळाली असती. मग त्याने गावं कशासाठी?

या सगळ्यांत माझा सर्वांत आवडता अल्बम मात्र २०१५चा ‘जुनून’. नाव तेच, मंडळी वेगळी. रेडिओहेडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवूड, कित्येक वर्षं भारतात राहून कव्वाली शिकलेला इस्रायली गायक शाय बेन त्झूर, आणि राजस्थानातले कव्वाल, मांगणियार अन् ब्रास बँडवाले. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात त्यांनी तो रेकॉर्ड केला. पॉल थॉमस अँडरसनने त्यावर एक माहितीपटही काढला. त्यात मध्येच वीज जाते आणि सगळे वाट पाहत बसतात. आमच्याकडच्या प्रेक्षकाला तेवढं दृश्य भाषांतराशिवाय समजेल. गाणी हिब्रू, उर्दू, हिंदीत. ग्रीनवूड जगातल्या नामांकित गिटारवाल्यांपैकी एक, पण इथे त्याची गिटार मागे, भिंतीला टेकून बसल्यासारखी. पुढे आहेत लग्नाच्या वरातीतली पितळी वाद्यं, जी आपण कायम हलकी समजलो. बँडबाजात वाजवणाऱ्यांत आमच्या भागातही मुसलमान कमी नाहीत. त्या वाद्यांना एवढ्या मानाने ऐकवलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

तक्रार एकच. कव्हरवर दोन नावं पूर्ण, आणि बाकी सगळे ‘राजस्थान एक्सप्रेस’. ज्यांच्या श्वासावर अल्बम उभा, ते एका गाडीच्या नावात बसवले. त्यांची नावं शोधून वाचावी लागतात. परदेशी माणूस कितीही नम्र असला तरी बाजार नम्र नसतो.

भारतातल्या बँडांमध्ये इंडियन ओशनचा ‘कंदिसा’ (२०००) मी सर्वांत वर ठेवतो. शीर्षकाचं गाणं केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवरून घेतलेलं, अरामी भाषेतलं. ‘मा रेवा’ नर्मदेच्या खोऱ्यातून आलेलं. बेस वाजवणारा राहुल राम हा नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेला माणूस. म्हणजे नदीचं गाणं ज्याने गायलं, तो नदीकाठी राहिलेला होता. २००३च्या ‘झिनी’त त्यांनी कबीर घेतला आणि गोरख पांडेंची कविताही घेतली. एका बाजूला संत, दुसऱ्या बाजूला नक्षलबारीच्या काळातला कवी. हे दोघं एका अल्बममध्ये शेजारी बसू शकतात, हे ओळखणं मोठं काम आहे. २०१०मध्ये त्यांनी ‘१६/३३० खजूर रोड’ची गाणी महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली. त्याआधी २००७मध्ये रेडिओहेडने ‘इन रेनबोज’ ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून सोडला होता. ज्या तालुक्यात अशा अल्बमची सीडी विकणारं दुकान कधी उघडलंच नाही, तिथल्या श्रोत्याला या दोन निर्णयांचं मोल जास्त कळतं. चोरून ऐकणारा म्हणून नाही, तर ऐकणारा म्हणून त्यांनी आम्हाला मोजलं.

आणि मराठी? इथे माझं मत थोडं कडू आहे. २००८मध्ये केरळच्या ‘अवियल’ने मल्याळममध्ये अल्टरनेटिव्ह रॉकचा आख्खा अल्बम काढला. लोकगीतांचे शब्द, आजचा आवाज, आणि मल्याळम न समजणारेही तो ऐकत बसले. त्या तोडीचा मराठी अल्बम अजून व्हायचा आहे, असं मला वाटतं. मराठीत रॉक म्हणून जे येतं, त्यातलं बरंचसं भावगीतच असतं, फक्त गिटारला ढणढणाट जोडलेला. चंद्र, पाऊस, ती. शिवाय सगळं पुण्या-मुंबईच्या शुद्ध उच्चारात. आमच्या वऱ्हाडीतलं ‘बे’ एकदा ड्रमच्या ठोक्यावर ठेवून पाहा. ट, ठ, ड, ळ असली अक्षरं ज्या भाषेत आहेत, ती रॉकसाठी मुद्दाम घडवल्यासारखी आहे.

रागाचा वारसा नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. १९७२मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याहीआधी बार्शीचे अमर शेख. गरीब मुसलमान घरातला हा माणूस, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभं करतो, गिरणी कामगारांच्या सभा आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राची मैदानं एका डफावर अन् गळ्यावर हलवतो. मराठी मुसलमानाचा आवाज म्हणजे काय, याचं उत्तर मला दर्ग्याच्या चौकटीपेक्षा अमर शेखांच्या मैदानात जास्त सापडतं. त्यांना कुणी ‘सूफी’ म्हणत नाही, आणि म्हणूनच ‘मुसलमानांचं संगीत’ म्हटल्यावर त्यांचं नाव कुणाला आठवतही नाही. मुंबईच्या ‘धम्म विंग्ज’ने बुद्ध-आंबेडकरांचा विचार रॉकवर घेतला, ‘अभंग रिपोस्ट’वाले तुकोबा-ज्ञानोबांना बेस गिटारसोबत गातात. वाटा फुटताहेत. माझी मागणी एवढीच, की जुनं नव्याने गाण्याबरोबर आजचंही गावं. सोयाबीनचा भाव, चाकणच्या कंपनीतली रात्रपाळी, न आलेली शेवटची एसटी, आणि शहरात नाव विचारून झाल्यावर ‘खोली कालच दिली’ म्हणणारा घरमालक. या शेवटच्या विषयावर एक चांगलं मराठी गाणं झालं, तर ते मला शंभर ‘मौला’ंपेक्षा जास्त इबादतीच्या जवळचं वाटेल.

इबादतीचं नाव काढलं, तर घरातल्या प्रश्नालाही सामोरं जायला हवं. मौसिकी जायज की नाजायज? मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. उलेमांमध्ये यावर शेकडो वर्षं मतभेद आहेत, एवढं मला माहीत आहे. वाद्यं नकोच म्हणणारे मोठे लोक आहेत. त्याच परंपरेत इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, आणि कुणी, कधी, कशासाठी ऐकतो यावर त्याचं बरं-वाईट ठरवलं. ज्यांना नको वाटतं, त्यांच्या परहेजीचा मी आदर करतो. माझ्यामुळे कुणाच्या नमाजीत खलल पडू नये, ही जबाबदारी माझी. पण एक विसंगती मला खटकते. उरुसात लाउडस्पीकरवर कव्वाली चालते, लग्नात डीजे चालतो, मोबाइलवर सिनेमाची गाणी चालतात, आणि पोराच्या कानात गिटार सापडली की तेवढ्यापुरता दीन आठवतो. हरकत संगीताला असेल तर ती सगळ्याला असावी. ती फक्त अनोळखी संगीताला असेल, तर तिला दीनाचं नाव देऊ नये.

दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही तेच सांगणं आहे. ‘तुमचं सूफी किती छान असतं’ यात प्रेम आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या प्रेमात एक अट लपलेली असते, की तुम्ही गोड राहा, गा, आणि तक्रार करू नका. माणसाला पूर्ण माणूस मानायचं, तर त्याला बेसूर व्हायचा, चिडायचा, ‘किड ए’सारखं थंड अन् अनाकलनीय काही ऐकत एकटं बसायचा हक्कही द्यावा लागतो.

शेवटी ऐकण्याबद्दल एक व्यावहारिक गोष्ट, कारण माझ्याकडे पोरं ‘कुठून सुरू करू’ म्हणून विचारत येतात. आमच्याकडे ही गाणी आली ती मेमरी कार्डवर. कॉम्प्युटरच्या दुकानात पैसे दिले की कार्ड भरून मिळायचं. साध्या मोबाइलमध्ये ती गाणी नावाच्या अक्षरक्रमाने लागायची. ‘ओके कॉम्प्युटर’चं एक, मग हिमेश रेशमियाचं, मग एक नात, मग पुन्हा रेडिओहेड. आता इंटरनेट स्वस्त झालं, पण सवय तीच राहिली. यंत्र जे पुढे टाकेल ते ऐकायचं. अल्बम असा ऐकला तर तो मेला. कुठलं गाणं कशानंतर येतं, हे ठरवण्यात करणाऱ्याचं अर्धं म्हणणं असतं. ‘इन युटेरो’ ज्या शांततेत संपतो, ती शांतता आधीचा सगळा गोंगाट सोसल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा ‘कंदिसा’पासून सुरू करा, भाषा-ताल ओळखीचे आहेत. मग ‘परवाज’, मग ‘जुनून’. त्यानंतर ‘ग्रेस’ रात्री, एकट्याने, पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत. ‘इन युटेरो’ सर्वांत शेवटी, आणि पहिल्यांदा ऐकून आवडला नाही तरी आठवड्याने पुन्हा एकदा. मध्ये अजान झाली तर थांबवा, नंतर तिथूनच पुढे चालू करा. गाणं बदलू नका.